तपकिरी डायल

सुजय मयेकर पहिल्यांदा दवाखान्यात आला, तेव्हा डॉक्टर दर्शना शेट्येनं त्याच्या दाढेच्या आधी त्याचं मनगट पाहिलं.

त्याला अपॉइंटमेंट नव्हती. त्याचे नेहमीचे डॉक्टर परगावी गेले होते, दाढ कालपासून ठणकत होती, आणि रिक्षावाल्यानं मारुती मंदिरापाशी दातांचा जो पहिला बोर्ड दिसला त्याच्याखाली त्याला सोडलं होतं. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. सुजलेला गाल तळहातात धरून तो जिना चढून वर आला. दवाखान्यातलं सगळं विमलाताई बघायच्या. त्यांनी त्याची अवस्था पाहिली आणि काही न विचारता सरळ खुर्चीत नेऊन बसवलं.

दर्शना हातमोजे चढवून वळली. तिशी ओलांडलेला, सावळा, रुंद खांद्यांचा माणूस खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून छताकडे बघत होता. शर्टाची बाही वर सरकली होती आणि डाव्या मनगटावर एक घड्याळ होतं.

पाणबुड्यांसाठी बनवलेलं, जुनं, स्विस. कंपनीचं नाव वाचायचीही तिला गरज पडली नाही. डायल मुळात काळी असणार. पण वर्षानुवर्षं ऊन आणि खारी हवा खाऊन ती आता काळी राहिली नव्हती, सगळीकडून सारखी, काकवीसारखी तपकिरी झाली होती. दर्शनानं दातांचं बारीक काम करायचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती खाली वाकली...

“डॉक्टर,” तो कसाबसा म्हणाला, “दाढ इकडं आहे.”

मास्कच्या आड तिचे गाल तापले. बघते, असं काहीतरी पुटपुटून ती कामाला लागली. दाढ आतून किडली होती, रूट कॅनाल करावं लागणार होतं, तीन-चार वेळा यावं लागणार होतं. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर जीभ जड होईपर्यंत जो वेळ मिळाला, त्यात त्यानं आपणहून सांगितलं. घड्याळ काकांचं. काका जहाजावर होते, आता तोही जहाजावर इंजिनीअर आहे, तो नोकरीला लागला तेव्हा काकांनी ते त्याला दिलं. पण डायल पार उतरून गेलीय. मुंबईत एक दुकानवाला भेटलाय, तो नवी काळी डायल बसवून, पॉलिश मारून अगदी कोरं करून देतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात द्यायचंय.

“अजिबात हात लावू नका,” दर्शना म्हणाली.

ती ते घड्याळाबद्दल बोलली होती. त्याला वाटलं, दाढेबद्दल. त्यानं गालावरचा हात झटकन काढला आणि काम संपेपर्यंत दोन्ही हात पोटावर बांधून शहाण्या मुलासारखा पडून राहिला. चूक दुरुस्त करायचा तिला धीर झाला नाही.

दर्शनाला घड्याळांचं वेड होतं असं म्हणता येणार नाही. ती स्वतः घड्याळ घालायचीच नाही. दिवसभर हात धुणाऱ्या माणसाला ते जमत नाही. शिक्षण झाल्यावर काही वर्षं ती दादरला एका मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होती. ते डॉक्टर फ्लॅट नाही, सोनं नाही, घड्याळं घ्यायचे. त्यांनीच तिला त्यातलं गणित समजावलं. महागडं घड्याळ दुकानाबाहेर काढलं की बहुतेकांची किंमत धाडकन उतरते. पण काही थोडी अशी असतात, जी कंपनी मोजकीच बनवते आणि मागणारे रांगेत उभे असतात. त्यांची किंमत वाढत जाते. कोणती ती थोडी, हे कळणं म्हणजेच सगळं. दर्शना चिकाटीची होती. तिनं लिलावांच्या किमती बघितल्या, वाचलं, एकदा फसली, आणि शिकली. आईनं बांगड्या कर म्हणून सांगितलं त्या वर्षी तिनं पहिलं घड्याळ घेतलं आणि आईला सहा महिन्यांनी सांगितलं. आता बँकेच्या लॉकरमध्ये आईच्या मोहनमाळेशेजारी दोन घड्याळं झोपून होती, एकदाही मनगटावर न चढलेली. कधीतरी ती विकून भाड्याच्या जागेतून स्वतःच्या जागेत जायचं, असा तिचा साधा हिशेब होता. तिच्या लेखी घड्याळ म्हणजे मुदतठेव. फक्त जरा देखणी.

नव्या घड्याळांचं हे असं. जुन्यांचं मात्र उलटं असतं. तिथं कोरेपणाला मोल नाही, मूळचं तसंच राहिलेल्याला आहे. त्या कंपनीच्या एका जुन्या घाटणीत डायलच्या काळ्या रंगात काहीतरी कमीजास्त झालं होतं आणि उन्हात राहून त्यातल्या थोड्या डायली अशा तपकिरी झाल्या. त्यांच्यासाठी जगभरचे शौकीन वाटेल ते मोजतात. दर्शनानं तसली डायल आजवर फक्त फोटोत पाहिली होती. आणि ती घालून हिंडणाऱ्या माणसाला वाटत होतं, की घड्याळ खराब झालंय.

दुसऱ्या खेपेला तो आला तेव्हा गालाची सूज उतरली होती आणि त्याचा चेहरा बराच बरा होता, हे तिच्या लक्षात आलं. घड्याळ अजून मनगटावरच होतं. तिनं दाढ उघडली, बारीक सुया आत घातल्या. तोंड उघडं असलेल्या माणसाला फक्त डोळ्यांनी बोलता येतं, आणि सुजयचे डोळे बरंच बोलत होते. ती कुठं बघतेय ते त्यानं बरोबर हेरलं होतं. चूळ भरायला उठला तेव्हा तो म्हणाला,

“तुम्हाला एवढं आवडलंय तर घेऊन टाका. मी तसंही विकायच्या विचारात आहे. नव्या डायलला खर्च येईल तेवढे कमी करून द्या.”

तो विनोद नव्हता. त्यानं एक आकडाही सांगितला. दर्शनाच्या हातात सुई तशीच राहिली. एवढे तर तिच्याकडं बँकेत पडून होते. आज संध्याकाळी घड्याळ तिचं झालं असतं, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या जागेचा प्रश्न मिटला असता. व्यवहारात कुणी कुणाला भाव समजावून सांगत बसत नाही. ती स्वतः फसली तेव्हा तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं वाहता नळ बंद केला. समोरचा माणूस टॉवेलनं तोंड टिपत, अर्ध्या ओठानं हसत उत्तराची वाट बघत होता...

“नाही,” ती म्हणाली. “या भावात मी घेणार नाही. बसा, सांगते.”

आणि तिनं सगळं सांगितलं. उतरलेल्या रंगाचीच किंमत आहे, डायल बदलली की घड्याळ मेलं, पॉलिशवाल्याला तर लांबूनच नमस्कार करायचा. नीट गिऱ्हाईक मिळालं तर एका गाडीएवढे पैसे येतील.

“सेकंडहँड गाडी?”

“नवी. आणि लहान नाही.”

सुजयनं मनगट वर करून घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. बधिर झालेल्या अर्ध्या चेहऱ्यानं तो हसला तेव्हा ते हसू इतकं वाकडं आलं, की दारातून बघणाऱ्या विमलाताईंनी पदर तोंडाला लावला.

मग त्यानं त्याचं सांगितलं. त्याला जहाज सोडायचं होतं. नऊ-नऊ महिने इंजिनरूमच्या धगीत काढून झाली होती आता दहा वर्षं. मिरकरवाड्याला बंदरावर एक गाळा भाड्यानं मिळत होता. तिथं ट्रॉलरच्या इंजिनांचं वर्कशॉप टाकायचं त्याच्या मनात होतं. पण मशिनरी घ्यायची, माणसं ठेवायची, म्हणजे हाताशी भांडवल पाहिजे. नाहीतर डिसेंबरात कंपनीचं बोलावणं होतंच, आणखी एक फेरी करावी लागणार होती. घड्याळ विकून त्यातलं थोडंफार सुटेल एवढीच त्याची अपेक्षा होती.

“तुम्हीच विकून द्या,” तो म्हणाला. “मला यातलं काही कळत नाही. आणि तुम्ही मला फसवू शकला असता, फसवलं नाहीत. आणखी कुणावर विश्वास ठेवू?”

दर्शना हो म्हणाली. दाढ भरून झाल्यावर त्याला दवाखान्यात यायचं काही कारण उरणार नव्हतं, हा विचार तेव्हा तिच्या मनात नव्हताच, असं मात्र नाही.

विकायचं तर घड्याळाची मूळ पेटी हवी होती. पेटी असली की भाव वाढतो. त्यासाठी एका रविवारी ती मांडवीला सुजयच्या घरी गेली. हरिश्चंद्रकाका पडवीत खुर्ची टाकून बसले होते, ऐंशीला टेकलेले, अंगानं काटक. आयुष्यभर जहाजावर सुकाणी होते. पेटी म्हटल्यावर त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही.

“हाय की. गळ ठेवलेत तिच्यात.”

खरंच, त्या देखण्या पेटीत मासे पकडायचे लहानमोठे गळ भरले होते. दर्शना जमिनीवर बैठक मारून एकेक गळ वेगळा करत बसली आणि काका गोष्ट सांगत राहिले. हे घड्याळ त्यांनी हाँगकाँगला घेतलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. काकीला पाटल्या आणीन म्हणून सांगून गेले होते. घड्याळ बघून ती दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मग एकदा ते होडी घेऊन मासेमारीला गेले, वाऱ्यात अडकले, संध्याकाळ उलटली तरी परतले नाहीत. परत आले तेव्हा काकी वाळूत उभी होती. पहिलं वाक्य ती बोलली, एवढं महागाचं घड्याळ घालून फिरता, मग वेळ बघता येत नाही काय? काका हसले, आणि हसता हसता त्यांनी समुद्राकडं तोंड फिरवलं. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

घड्याळ विकायला त्यांची हरकत आहे का, असं दर्शनानं जपूनच विचारलं.

“माझी कसली हरकत, बाय? जहाजावर पाळी कधी संपते ते बघायला लागायचं घड्याळ. घरी आलेल्या मानसाला कशाला पायजे?”

निघताना सुजय तिला समुद्रावर घेऊन गेला. मांडवीच्या काळसर वाळूवर गर्दी होती, पोरं पतंग उडवत होती. त्यानं भेळ घेतली आणि डॉक्टरांसमोर शिस्तीनं उजव्या बाजूनं चावून खाल्ली. डाव्या बाजूनं खाऊन बघा, असं तिनं म्हटलं तर तो म्हणाला, की दाढ एवढ्यात बरी झाली तर त्याचंच नुकसान आहे. ती भेळेत काहीतरी शोधत राहिली.

परतीचा पाऊस त्या दिवसांत संध्याकाळी असाच यायचा, सांगून-सवरून नाही. गोव्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं, गडगडलं आणि टपोरे थेंब वाळूत खड्डे पाडायला लागले. दोघं पळत भेळवाल्याच्या ताडपत्रीखाली शिरली. तिथं आधीच माणसं होती. ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याची धार लागली होती, आणि सुजयचा डावा हात नेमका त्या धारेत होता.

“घड्याळ,” ती म्हणाली.

“पाणबुड्याचं घड्याळ पावसाला घाबरतं होय?”

“पन्नास वर्षांचं आहे. आतलं रबर कधीच सुकून गेलं असेल. पाणी शिरलं तर डायल गेली.”

आणि विचार करायच्या आत तिनं त्याचं मनगट धरून आपल्याकडं ओढलं, ओढणीचा पदर त्यावर दोन-तीन वेढे गुंडाळला आणि वरून हातानं दाबून धरलं. पाऊस काही लगेच थांबला नाही. ओढणीच्या पातळ कापडाखाली घड्याळाची गार कड लागत होती, आणि त्याच्या शेजारी त्याची नाडी. डॉक्टर असल्यामुळं तिला ती मोजता आली. जरा जास्तच होती.

“हे घड्याळासाठीच ना?” त्यानं पावसाकडं बघत हळूच विचारलं.

“घड्याळासाठीच.”

“नाही... म्हणजे, खात्री करून घेतली.”

पाऊस ओसरला, माणसं पांगली, तरी मनगट सोडायचं दोघांच्याही जरा उशिरानंच लक्षात आलं.

दिवाळी झाल्यावर मुंबईहून स्वरूप आला. जुन्या घड्याळांचा व्यापारी, दर्शनाच्या दादरच्या डॉक्टरांच्या ओळखीचा, सरळ माणूस. दुपारच्या सुट्टीत दवाखान्यातच त्यानं घड्याळ पाहिलं. मागचं झाकण उघडलं, भिंगातून मशीन पाहिलं, पेटीचा वास घेतला आणि मासळीचा वास का येतोय म्हणून विचारलं. मग त्यानं भाव सांगितला. दर्शनानं जो अंदाज बांधला होता त्याच्यापेक्षा तो थोडा कमी होता, पण फार नाही. ती घासाघीस करायला लागली, तेव्हा त्यानं हातातलं भिंग ठेवलं आणि मोकळेपणानं सांगितलं.

“ताई, आज मी याच्यावर देऊ शकत नाही. बाजार जरा थंड आहे. तुम्ही दोन-तीन वर्षं थांबलात तर याचे कदाचित दीडपट येतील. माझ्या तोंडानं सांगतोय हे. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार, तोवर काय ते ठरवा.”

तो जेवायला गेला. सुजयनं दर्शनाकडं बघितलं. विकायचं की थांबायचं, असा साधा प्रश्न होता त्याचा. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. तिनं संध्याकाळी सांगते म्हणून त्याला वाटेला लावलं.

त्या दिवशी उरलेल्या पेशंटांची नावं विमलाताईंना दोनदा सांगावी लागली. दर्शनाला उत्तर ठाऊक होतं. लॉकरमधली तिची स्वतःची घड्याळं तिनं याच नियमानं सांभाळली होती: बाजार थंड असताना विकायचं नाही. हेच घड्याळ तिचं असतं तर ती थांबली असती. दुसरा कुणी पेशंट विचारायला आला असता तर त्यालाही तिनं तेच सांगितलं असतं. पण थांबायचं म्हणजे गाळा गेला, वर्कशॉप गेलं, आणि डिसेंबरात सुजय जहाजावर. नऊ महिने. आणि मग आणखी नऊ. आत्ताच विका, असं म्हणायला जीभ वळवळत होती, आणि ती जीभ आता कुणाच्या बाजूनं बोलतेय हे तिला पुरतं कळत होतं. सल्ला देणाऱ्यानं सल्ल्यात स्वतः गुंतायचं नसतं. ती तर गळ्यापर्यंत बुडाली होती.

संध्याकाळी त्यानं तिला मिरकरवाड्याला बोलावलं, गाळा दाखवायला. बंदरात ट्रॉलर नुकते लागले होते. बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, लिलावाची ओरड, डिझेलचा आणि ओल्या जाळ्यांचा वास. गाळा म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा, पण दारातून थेट धक्का दिसत होता. सुजय आत हिंडून लेथ कुठं, वेल्डिंग कुठं ते दाखवत होता. दाखवता दाखवता तो थांबला.

“मग? काय ठरलं?”

“मला विचारू नका,” ती म्हणाली.

“का?”

“कारण... माझा त्यात स्वार्थ आहे.”

त्याच्या कपाळावर आठी पडली. क्षणभर त्याला वाटलं, तिला स्वतःलाच घड्याळ हवंय, किंवा मध्ये तिचे काही पैसे आहेत. तसं असलं तरी हरकत नाही, असं तो चांगुलपणानं सांगायलाही लागला, मध्यस्थाला काही देणं तर रीतच आहे, आपणच विचारायला हवं होतं... दर्शनाला त्याला गप्प कसं करावं कळेना. दवाखाना असता तर तोंडात कापूस तरी घालता आला असता.

“सुजय, पैशाचं नाही,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला नुसत्या नावानं हाक मारली होती. “व्यवहार म्हणून बघितलं तर थांबावं. स्वरूप खरं बोलतोय. दोन वर्षं ठेवा, जहाजावर जा, परत या आणि मग विका. हा माझा सल्ला. पण तो देताना मला... तो तुम्ही ऐकू नये असं वाटतंय. म्हणून म्हटलं, विचारू नका.”

बाहेर कुणीतरी बर्फाची गाडी ओढत नेली. सुजय लेथच्या रिकाम्या जागेत उभा होता. त्याची आठी हळूहळू गेली.

“मग सल्ला राहू दे,” तो म्हणाला. “स्वार्थ काय आहे तेवढा सांगा.”

तिनं धक्क्याकडं बघितलं, ट्रॉलरवरच्या झेंड्यांकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

“तुम्ही जाऊ नये.”

“एवढंच?”

“एवढंच. पुरे नाही?”

“पुरे आहे,” तो म्हणाला. “मी गेले तीन आठवडे दाढ दुखतेय म्हणून येतोय. ती दुसऱ्या खेपेलाच दुखायची थांबली होती.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर आहे मी.”

मग दोघंही हसली, आणि हसणं थांबलं तेव्हा त्यानं तिचा हात हातात घेतला. ह्या वेळी पाऊस नव्हता, ओढणी नव्हती, आणि कशासाठी म्हणून कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर स्वरूपला घड्याळ दिलं. सुजयनं ते मनगटावरून उतरवलं तेव्हा खाली गोरी पट्टी उमटली होती. दर्शनाचा हात क्षणभर पेटीवर रेंगाळला. असं घड्याळ पुन्हा हाताला लागणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं. ते खोटं कशाला सांगा? गाडी गेली. त्याच दुपारी सुजयनं कंपनीला कळवलं, की डिसेंबरात तो येणार नाही.

दोन्ही घरी सांगणं तेवढं सोपं गेलं नाही. महिन्याचा डॉलरमधला पगार सोडून डिझेलात हात घालणारा जावई दर्शनाच्या वडिलांच्या पचनी पडायला वेळ लागला. त्यांचं राम आळीत हार्डवेअरचं दुकान होतं. शेवटी वर्कशॉपच्या नटबोल्टांची पहिली मोठी ऑर्डर सुजयनं त्यांच्याचकडं नेली आणि पैसे रोख मोजले, तेव्हा घरी येऊन ते म्हणाले, की माणूस व्यवहाराला चोख दिसतो. आईला ह्यापेक्षा जास्त काही ऐकायचं नव्हतं. वैशाखात लग्न झालं. हरिश्चंद्रकाका वरातीत नाचले आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले.

वर्कशॉपचं पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र मासेमारीची बंदी लागून होड्या किनाऱ्याला लागल्या आणि सुजयच्या दारात इंजिनांची रांग लागली. दर्शना अजून भाड्याच्याच जागेत होती. पण आता संध्याकाळी दवाखाना बंद करून ती स्कूटरवरून मिरकरवाड्याला यायची आणि त्याचं काम उरकेपर्यंत बसायची. तशीच एका जुलैच्या संध्याकाळी ती रेनकोट झटकत आत आली. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. सुजय कोपरापर्यंत काळा होऊन एका इंजिनात वाकला होता.

स्वरूपचा मेसेज आला होता. परदेशात कुठल्याशा लिलावात तसंच एक घड्याळ विकलं गेलं होतं. तीच घाटणी, तशीच काकवीच्या रंगाची डायल. दर्शनानं फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. सुजयनं आकडा वाचला, रुपयांत किती होतात ते मनातल्या मनात काढलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

“बापरे,” तो म्हणाला. “म्हणजे आपलं नुकसान झालं काय गो?”

तिनं फोन पर्समध्ये टाकला, एक पालथा क्रेट ओढला आणि त्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

“झालं ना,” ती म्हणाली. “चांगलंच झालं.”